वावरातल्या घराचा उन्हाळा: आधी पाणी मोजा, मग वाफे काढा

गाव सोडून वावरात घर बांधून राहणारी कुटुंबं आमच्या भागात वाढली आहेत. राखण होते, ढोरं डोळ्यांसमोर राहतात, घरची भाजी मिळते. पण एप्रिल लागला की त्यांच्यातल्या निम्म्यांकडून तेच ऐकू येतं: भेंडी करपली, गाय आटली, कोंबड्या मेल्या, विहिरीत मोटर उघडी पडली. कष्टात कोणी कमी पडत नाही. चुकतो तो क्रम. फेब्रुवारीत विहीर भरलेली दिसते म्हणून लोक आधी वाफे काढतात, मग जनावरं वाढवतात, सावलीचं मार्चअखेर बघतात आणि पाणी मोजतात ते संपायला आल्यावर. हे सगळं उलट्या क्रमाने करायचं असतं. आमचं वावर अकोल्याच्या बाजूला, खारपाणपट्ट्याच्या, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे त्या भागाच्या कडेवर आहे. घरात सहा माणसं, दोन बैल, एक गाय, आठ बकऱ्या, पंधरा कोंबड्या. खालचे आकडे याच घराचे आहेत. तुमचे तुम्ही घालून घ्या.

## टप्पा १: पाण्याचा हिशेब (१५ फेब्रुवारीच्या आत)

कागद घ्या आणि रोजची गरज लिहा. मे महिन्याची लिहा, आजची नको.

- माणसं: माणशी ५५ लिटर, सहा जणांचे ३३०
- कूलर: ८०
- बैल: जोडीला १००
- दुभती गाय: ७०
- बकऱ्या: प्रत्येकी ६ लिटर, आठ बकऱ्यांचे ४८
- कोंबड्या: पंधरा मिळून ६
- भाजी: १५० (हा आकडा कुठून आला ते टप्पा ५ मध्ये)

बेरीज ७८४ होते. सांडलवंड धरून ८५० लिटर समजा. कूलर या यादीत जवळजवळ कोणीच लिहीत नाही. विदर्भात एप्रिल ते जून तो बंद राहत नाही, आणि मोठा कूलर दुपारभरात दोन बैलांच्या जवळपास पाणी पितो. तो हिशेबात नसेल तर पुढचं सगळं गणित खोटं.

आता साठा बघा. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. १ मार्च ते १५ जून हे १०७ दिवस. ८५० गुणिले १०७ म्हणजे सुमारे ९१,००० लिटर, म्हणजेच विहिरीतलं दहा फुटांहून थोडं जास्त पाणी. झरे पूर्ण आटले असं धरून हा आकडा आहे. पाऊस त्याहून लांबला तर तेही दिवस यात पकडा. मी दोन आठवडे जास्तीचे धरते.

झरे किती भरतात हे बघायला सोपी रीत आहे. संध्याकाळी उपसा थांबला की दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंत सोडा, काठाशी दोरीला गाठ मारा. पहाटे मोटर लावायच्या आधी पुन्हा सोडा. दोन इंच पाणी चढलं असेल तर रात्रीत जवळपास १,५०० लिटर आले. हेच माप दर पंधरा दिवसांनी घ्या आणि भिंतीवर तारीख घालून लिहा. फेब्रुवारीतली भरती मेमध्ये राहत नाही. मी तिची चौथाईच धरते, आणि ती कधी जास्त ठरली नाही.

इथे थांबा. तळातलं तीन फूट पाणी मोजू नका. तिथे गाळ असतो आणि मोटर हवा ओढते. बेरीज जमत नसेल तर आत्ताच काहीतरी कमी करा. पहिली कात्री भाजीला लावा, दुसरी विकता येणाऱ्या बोकडांना. माणसांच्या आणि गाईच्या पाण्याला हात लावू नका.

## टप्पा २: पाणी गोड की खारं?

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांच्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. चवीवर विसंबू नका. जिभेला चालणारं पाणीही वाफ्यात दोन महिन्यांत मातीवर पांढरी साय आणतं. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा आणि माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. अहवालात क्षारता बघा, ती डेसिसायमन प्रति मीटर या एककात असते. ०.७५ पर्यंत काळजी नाही. ०.७५ ते २.२५ मध्ये घेवडा आणि कांदा नको, पालक आणि बीट तग धरतात. २.२५ च्या वर असेल तर काळ्या जमिनीत त्या पाण्यावर उन्हाळी भाजी करूच नका. छपराचं साठवलेलं पाणी किंवा नळाचं थोडं पाणी देऊन चार वेल जगवा, तेवढंच.

नमुना उन्हाळ्यात पुन्हा एकदा द्या. विहिरीचं पाणी खाली गेलं की क्षार वाढलेले सापडतात.

## टप्पा ३: चारा आणि गंजी

तूर, हरभरा निघाले की कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, घरात येतं. बैलाला रोज आठ किलो वाळला चारा धरला तर १०७ दिवसांचे ८५६ किलो होतात, जोडीचे सतरा क्विंटल. कडब्याच्या दहा पेंड्या काट्यावर ठेवून सरासरी काढा. नुसत्या पेंड्या मोजून चालत नाही, कारण बांधणाऱ्यागणिक पेंडी बदलते.

चाऱ्याची गंजी घरापासून आणि कोठ्यापासून (गुरांच्या गोठ्यापासून) लांब लावा, आणि विजेच्या तारांखाली मुळीच नको. वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागल्या की ठिणगी खाली पडते आणि वर्षाचा चारा तासाभरात जातो. बुरशीचा वास येणारं कुटार जनावरापुढे टाकू नका, ते खतात जाऊ द्या.

हिरव्यासाठी ज्वारी पेरली असेल तर एक गोष्ट घरातल्या लेकरांनाही सांगून ठेवा: पाण्याच्या ताणावर असलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेला फुटवा ढोरांना विषारी असतो. फुलोऱ्यावर आल्याशिवाय द्यायचा नाही.

## टप्पा ४: सावली (मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण)

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण याच्यात चुकले तेव्हा मी भोगलं आहे.

आमचा कोंबड्यांचा खुराडा पाच फूट उंचीचा होता, वर टिन, दार पश्चिमेला. मेच्या मधला दिवस. दुपारी अडीचला सासूबाई पाणी ठेवायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. पंधरापैकी अकरा कोंबड्या पडल्या होत्या, पंख पसरलेले, चोची उघड्या. काळ्या प्लास्टिकच्या भांड्यात पाणी अर्ध्याहून जास्त होतं. मी बोट घातलं आणि चहाच्या कपातून काढावं तसं काढून घेतलं. कोंबड्या पाण्यावाचून मेल्या नव्हत्या. पाणी समोर होतं, पण पिण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि डोक्यावरचं टिन चुलीवरच्या तव्यासारखं उष्णता खाली टाकत होतं.

कोंबडीला घाम येत नाही. ती उघड्या चोचीने धापा टाकून अंग थंड करते. पारा चाळिशीच्या वर गेला आणि वारा अडला की तिच्याकडे दुसरा उपाय उरत नाही. म्हणून आता आम्ही असं करतो:

1. खुराड्याची आणि कोठ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवतो, म्हणजे तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर येतं. जुनं बांधकाम फिरवता येत नसेल तर निदान पश्चिमेची बाजू झाका. दुपारी दोन ते पाचचं ऊन मारतं ते तिकडूनच.
2. टिनावर चुन्याचा दाट हात देतो आणि वर तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) आणि गवताचा वीतभर थर बांधतो. थर दोरीने आडवा-उभा आवळायचा, नाहीतर अवकाळीच्या पहिल्या वाऱ्यात बांधापलीकडे जातो.
3. कोठ्याचं छप्पर मधोमध निदान दहा फूट उंच. कोंबड्यांचं सात फुटांच्या खाली नको.
4. पश्चिमेला तुराट्यांचा कूड घालतो. त्यावर पोतं टांगून दुपारी पाणी शिंपडतो. समोरची बाजू मात्र मोकळी. चारही बाजूंनी ओली पोती लावली की आत दमट कोंडतं आणि ते उन्हापेक्षा वाईट.

कुडासाठी पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) वापरायचा मोह होतो, कारण त्या ढिगाने पडलेल्या असतात. वापरू नका. त्यांच्या वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. कपाशी करणाऱ्या घराला हा कूड फार महाग पडतो.

भाजीवर हिरवी शेडनेट घालणार असाल तर पन्नास टक्क्यांची घ्या. जास्त दाट घेतली की वेल नुसते लांब होतात, फळ धरत नाहीत. जाळी सात-आठ फुटांवर ताणा आणि एका बाजूला सरकगाठी ठेवा, म्हणजे वादळाचं आभाळ दिसताच पाच मिनिटांत गोळा करता येते.

तपासणी. दुपारी तीनला स्वतः खुराड्यात आणि कोठ्यात दहा मिनिटं बसून बघा. तुम्हाला बसवत नसेल तर जनावर तिथे दिवसभर उभं आहे हे लक्षात घ्या.

## टप्पा ५: वाफे, आणि तेही थोडेच

एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. वैदर्भी मेमध्ये भाजीला रोज चौरस मीटरला सहा लिटर तरी लागतात. अख्ख्या गुंठ्याला म्हणजे ६०० लिटर, घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त. म्हणून उन्हाळ्यात पाव गुंठा करा: २७० चौरस फूट, रोज १५० लिटर. तीन बाय सहा फुटांचे पंधरा वाफे त्यात बसतात आणि सहा जणांच्या घराला दिवसाआड भाजी निघते.

वाफे खोल काढा, जमिनीपेक्षा चार ते सहा इंच खाली. मोबाईलवर बघून उंच गादीवाफे करणारे पुष्कळ आहेत. गादीवाफा पावसाळ्यासाठी चांगला. उन्हाळ्यात तो वरून आणि चारही बाजूंनी वाळतो.

काळ्या मातीचं वागणं वेगळं आहे. ती पाणी भरपूर धरते, पण एकदा सुकली की भेगा पडतात, आणि मग वरून सोडलेलं पाणी मुळांना चुकवून भेगेतून खाली निघून जातं. वाफा भरलेला दिसतो, झाड मात्र कोमेजतं, म्हणून लोक आणखी पाणी देतात. आधी खुरप्याने वरची दोन इंच माती मोकळी करा, भुगा भेगांत ढकला, संध्याकाळी हलकं पाणी द्या, पुरतं पाणी दुसऱ्या दिवशी. लगेच वर तीन इंच सोयाबीनचं कुटार पसरा. खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा, नाहीतर ओलीत खोड सडतं आणि कोरडं पडलं की उधई येते. कोंबड्या हे कुटार उकरून एका सकाळीत वाफा उघडा करतात, तेव्हा वाफ्यांना जाळी आधी, कुटार नंतर.

पाणी द्यायचं की नाही हे वरच्या मातीवरून ठरवू नका. चार इंच खालची मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू वळला आणि टिकला तर आज पाणी नको. फुटला तर द्या.

काळा पाइप उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी बादलीत काढा. ते रोपांना भाजतं. पाणी पहाटे सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर.

वेलांसाठी मडकं. दोडका, कारलं, काकडी यांना मी मडक्यावर जगवते. पाच-सात लिटरचं, रंग किंवा चकाकी न दिलेलं मडकं घ्या. आधी रात्रभर भरून ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागलं तर ते पाझरतं, कोरडं राहिलं तर परत करा. गळ्यापर्यंत पुरा, तोंड इंचभर वर, भोवती चार बिया. दोन ते चार दिवसांनी भरा. तोंडावर झाकण हवंच, उघड्या मडक्यात डास होतात. खाऱ्या पाण्याने छिद्रं बुजतात, तेव्हा पुढच्या हंगामाला नवं मडकं.

काय पेरायचं: फेब्रुवारीत गवार, चवळी, भेंडी आणि वेल. सांभार (कोथिंबीर) आणि पालक फक्त जाळीखाली, थोडे थोडे, दर पंधरा दिवसांनी. न्हाणीचं पाणी धोपा (अळू), पपई, शेवगा, केळी यांच्याकडे वळवा. कच्ची खायची पानं त्या पाण्यावर नकोत. कपड्याच्या पावडरीचं पाणी वेगळं काढा. त्यातला सोडियम काळ्या मातीला घट्ट करतो, आणि आपल्याकडे ती आधीच घट्ट आहे.

## टप्पा ६: जनावरांचा दिवस

पहाटे पाचला शेण, पाणी, धार. चरायला साडेनऊपर्यंतच. दहा ते पाच सावलीत. पाणी दिवसातून चारदा: दहा, एक, चार आणि सात वाजता. एकदाच बादली दाखवून जनावर पीत नाही म्हणणं चूक आहे. तापलेलं पाणी ते नाकारतं. हौद सावलीत ठेवा आणि आठवड्याला रिकामा करून आतून चुना लावा. बकरी घाण पाण्याला तोंडही लावत नाही.

वाळला चारा पचताना अंगात उष्णता होते. म्हणून मोठा घास रात्री आठला, दुपारी थोडंसं हिरवं. सरकी ढेप भिजवून द्या, मिठाचा खडा किंवा खनिज मिश्रण चुकवू नका. बैलांची वखरणी पहाटे पाच ते नऊ, मग संध्याकाळी.

कोंबड्यांचं दाणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी. दुपारी खाल्लेलं त्यांची उष्णता वाढवतं. पाणी मातीच्या भांड्यात, दोन-दोन तासांनी बदला.

धोक्याची खूण. जनावर तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय, लाळ गळतेय, पाय लटपटताहेत. गाईच्या अंगाचं तापमान १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं, १०४ च्या वर गेलं की उशीर नको. सावलीत घ्या, अंगावर आणि पायांवर पाणी घाला, थोडं थोडं पाजा, डॉक्टरांना बोलवा. जनावरांसाठी १९६२ हा मदतीचा नंबर आहे.

## टप्पा ७: माणसं

बारा ते चार वावरात कोणी नाही. हा नियम घरात मोठ्यांनी मोडला की लेकरंही मोडतात. डोक्याला दुपट्टा, निघताना पाणी. घाम बंद होऊन अंग कोरडं तापलं, बोलणं बरळल्यासारखं झालं तर तो उष्माघात. कांदा फोडून हुंगवत बसू नका. सावली, ओली फडकी, वारा, आणि १०८. पातळ जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, लोखंडी डब्यात विजेची गळती उतरलेली असू शकते. खाऱ्या पाण्याने कूलरच्या बाजूच्या गवती ताट्या दगडासारख्या होतात, महिन्याने धुवा.

अंगणात झोपायचं तर खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. कुटारात उंदीर, उंदरांमागे साप. मण्यार रात्री निघतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावल्याची खूण कधी कधी दिसतही नाही. आवळून बांधणं, कापणं नको. हालचाल थांबवा, सरळ दवाखान्यात.

## टप्पा ८: ३१ मेच्या आत

घटसर्प आणि फऱ्याची लस गुरांना, आंत्रविषाराची बकऱ्यांना. पाऊस लागल्यावर टोचून उपयोग कमी, कारण अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. कुटार झाकून घ्या. पन्हाळी साफ करा: ५०० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस झाला की सुमारे ९०० लिटर पाणी हाताशी येतं. पहिल्या पावसाचं पहिल्या पंधरा मिनिटांचं वाहू द्या, त्यात वर्षाची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. मग ड्रम लावा.

आणि मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की वाफसा येताच, म्हणजे चिखल ओसरून माती कामाजोगी होताच, खोल वाफे मोडून उंच करा. आठवडाभर थांबलात तर त्याच खोलीत पाणी साचतं आणि मेभर मडक्यावर जगवलेला दोडका मुळातून सडतो.